गणिताला वही-पेन पुरतं?

सुट्टीत सांगलीला गेले की एक प्रश्न हमखास येतो. "तुझ्या गणिताला ना लॅब लागते, ना यंत्रं. वही-पेन घेऊन बसायचं. मग त्यासाठी जर्मनीत बॉनला कशाला राहायचं? विश्रामबागेत बस की!" विचारणारे नुसते काका-मामा नसतात. प्राध्यापक भरतीच्या बातम्या वाचून वैतागलेले माझे एमएस्सीचे वर्गमित्रही असतात, आणि त्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: तिकडे सगळं गुणवत्तेवर चालतं, इकडे वशिला लागतो.

मी टोपॉलॉजीत काम करते, म्हणजे आकार न फाडता कितीही ताणला-दाबला तरी त्यात काय टिकतं, याचं गणित. (मेदूवडा आणि कानाचा कप या विषयात एकच, हे सांगितलं की लोक हसतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून ते उदाहरण पुढे ताणत नाही.) वही-पेनाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. देवळालीचे कापरेकर गुरुजी शाळेत शिकवत असत आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळत. चार आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणारी 6174 ही संख्या त्यातून जगाला मिळाली. पण सगळं गणित असं एकट्याने होत नाही. फ्रेंच गणिती पॉइन्कारेने 1904 मध्ये त्रिमितीय गोलाबद्दल एक प्रश्न विचारला. रशियन गणिती पेरेलमानने त्याचं उत्तर 2002-03 मध्ये अर्काइव्ह या संशोधन-लेखांच्या संकेतस्थळावर टाकलं. ते लेख सांगलीतही त्याच दिवशी, फुकट उतरवून घेता आले असते. तरीही सिद्धता बरोबर आहे याची खात्री पटायला तज्ज्ञांच्या वेगवेगळ्या गटांना तीनेक वर्षं लागली. लेख हातात असणं ही एक गोष्ट झाली. "ही पायरी मला कळली नाही, फळ्यावर दाखव" असं म्हणणारा माणूस शेजारच्या खोलीत असणं ही वेगळीच गोष्ट आहे.

बॉनमध्ये आहे ते हेच. फ्रीडरिश हिर्त्सेब्रुख हे स्वतः टोपॉलॉजीतले. त्यांनी 1980 मध्ये इथे माक्स प्लांक गणित संस्था उभी केली. देशोदेशीचे गणिती काही महिन्यांसाठी यावेत, एकमेकांशी बोलावेत आणि परत जावेत, हे तिचं मुख्य काम. यंत्रं नाहीतच. फळे आहेत, ग्रंथालय आहे आणि दुपारचा चहा आहे. सांगलीत एमएस्सीला आमचा टोपॉलॉजीचा पेपर कॉम्पॅक्टनेस, कनेक्टेडनेस करत टिखोनोव्हच्या प्रमेयापाशी थांबला. होमॉलॉजी (आकारातली भोकं मोजायची पद्धत) हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो एमटीटीएस या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी शिबिरात. प्रा. कुमारेसन यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या या शिबिरांनी लहान गावांतल्या किती मुलांना गणितात टिकवून धरलं, हे गणितवाल्यांनाच माहीत. वर्तमानपत्रांत त्याबद्दल फारसं येत नाही.

आता गुणवत्तेकडे येते. माझी नोकरी करारावरची आहे. जर्मनीत 2007 पासून कायदा आहे: पीएचडीच्या आधी सहा वर्षं, नंतर सहा वर्षं, एवढंच मुदतीच्या करारांवर काम करता येतं. मग कायमची जागा मिळवा, नाहीतर विद्यापीठाबाहेरचा रस्ता धरा. काही अपवाद आहेत. मूल झालं तर प्रत्येक मुलामागे मर्यादा दोन वर्षांनी वाढू शकते. माझ्या मावशीला हा नियम फार आवडला. प्राध्यापकपदाच्या खाली कायमच्या जागा थोड्या आहेत, त्यामुळे चाळिशीच्या आसपास उत्तम काम असलेली माणसं बाहेर पडतात. या कायद्याचं समर्थन करायला सरकारी खात्याने 'हाना' नावाच्या काल्पनिक संशोधिकेचा व्हिडिओ केला होता. एकाच पिढीने सगळ्या जागा अडवून व्यवस्था तुंबू नये, असा त्यातला युक्तिवाद. 2021 मध्ये हजारो संशोधक "मी हाना आहे" म्हणत उठले, आणि तो व्हिडिओ काढून घ्यावा लागला. तेव्हा इथलं सगळं जसंच्या तसं आपल्याकडे आणा म्हणणाऱ्यांनी हे आणू नये. सांगलीत कायम झालेल्या प्राध्यापकाकडे जी निश्चिंती आहे, ती माझ्याकडे नाही.

पण कायम होणार कोण? माझी एक वर्गमैत्रीण आहे. सेट (प्राध्यापक होण्याची राज्य पात्रता परीक्षा) झाली, पीएचडी झाली. वर्षानुवर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवते, सकाळी सांगलीत आणि दुपारी तासगावला. तिच्या पर्समध्ये एक छोटी वही असते. तारीख, वर्ग, विषय, तास. त्यावर विभागप्रमुखांची सही, आणि महिनाअखेरीला त्यावरून बिल. बिल पास व्हायला कधी महिने लागतात. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना या पानांवर नुसती रेघ, कारण तास नाही तर पैसे नाहीत. म्हणजे वही-पेन तिच्याकडेही आहे. मी करारांबद्दल कुरकुर करत होते तेव्हा ती म्हणाली, "तुझं बरं आहे गं, तुला विचार करायचे पैसे मिळतात."

ती म्हणते ते खरं आहे. माझा करार तात्पुरता असला तरी पगार बारा महिने येतो, आणि एखादं प्रमेय चार महिने अडलं तर कोणी हिशेब मागत नाही. इथे प्राध्यापकाला आठवड्याला 9 तास शिकवायचं असतं, तेही 45 मिनिटांचे. युजीसीच्या नियमात सहायक प्राध्यापकाला 16 तास आहेत, आणि वर पेपर किती छापले याची मोजणी. टोपॉलॉजीतला एक पेपर तपासून यायला वर्ष सहज जातं. मोजणीच करायची तर लोक लवकर छापून येणारं लिहिणार, त्यात त्यांचा काय दोष?

म्हणून "हुशार पोरं परत बोलवा" ही मागणी मला अपुरी वाटते. परत आलेले होतेच. गणिती रवी कुळकर्णी हार्वर्डमधून पीएचडी करून, अमेरिकेत अनेक वर्षं शिकवून अलाहाबादच्या हरीश-चंद्र संशोधन संस्थेचे संचालक झाले. गणिती श्रीराम अभ्यंकर नोकरीसाठी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातच राहिले, पण 1976 मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था काढली. उद्या मी सांगलीला आलेच, तर माझ्याशी फळ्यावर भांडायला ती मैत्रीण मोकळी हवी. ती संध्याकाळी सातला तासगावहून एसटीने परत येते.

सांगली, सातारा, कोल्हापूर मिळून आठवड्याला एक सेमिनार सहज चालेल. शिवाजी विद्यापीठ सांगलीपासून तासा-दीड तासावर आहे. खर्च काय, तर एसटीचं तिकीट आणि चहा. मागच्या खेपेला आम्ही चौघांनी गुरुवारची दुपार ठरवूनही पाहिली. तिघांचे गुरुवारी तास होते. ते सोडून यायचं तर तेवढं बिल बुडणार, आणि ते कोण भरून देणार, यावरच चर्चा अडली.