वस्तीतल्या शाळेला बास्केटबॉलचे प्रशिक्षक कशासाठी हवेत

जनता वसाहत, दांडेकर पूल, ताडीवाला रस्ता अशा वस्त्यांमधील माध्यमिक शाळांनी बास्केटबॉलच्या प्रशिक्षकावर पैसा घालवू नये, असा मजकूर पुण्यात पुन्हा पुन्हा फिरतो. हा खेळ उंच आणि खात्यापित्या घरच्या मुलांचा आहे, त्यापायी दहावी बुडते आणि पुढे नोकरीही लागत नाही, अशी कारणे त्यात दिलेली असतात.

पहिले कारण सहज खोडता येते, कारण या खेळाला जागा थोडीच लागते. फुटबॉलच्या मैदानाची लांबी शंभर मीटरच्या घरात जाते. बास्केटबॉलला 28 बाय 15 मीटर पुरतात, आणि टोकियो ऑलिंपिकपासून मान्यता मिळालेल्या तीन-तीन खेळाडूंच्या प्रकाराला तर 15 बाय 11 मीटरच. दाटीवाटीच्या शहरात एका चेंडूवर दहा मुले खेळू शकतात, हे लहानसहान नव्हे. उंचीचा फायदा होतो हे खरे, पण चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा खेळाडू बहुधा संघातला बुटकाच असतो.

दहावी बुडण्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे, पण तो घेणाऱ्यांनी या मुलांची संध्याकाळ पाहिलेली दिसत नाही. आई धुण्याभांड्याच्या कामांवर, वडील रिक्षावर किंवा बिगारीवर, आणि घर म्हणजे एकच खोली, जिथे धाकट्यांना सांभाळणे, पाणी भरणे आणि शेजारचा टीव्ही हे सारे एकाच वेळी चालते. सराव जो वेळ घेतो तो अभ्यासाचा नसतोच. उलट आंतरशालेय स्पर्धेत खेळायचे तर त्या शाळेचा विद्यार्थी असावे लागते, त्यामुळे शाळा सोडणारा मुलगा संघातूनही जातो, आणि तो दोन दिवस दिसला नाही की चौकशीला घरी जाणारे पहिले माणूस बहुधा प्रशिक्षकच असते. 27 सप्टेंबर 2018 रोजी मुठा कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळच्या घरांत पाणी शिरले. अशा प्रसंगी संसार सावरताना मुलांची शाळा सर्वांत आधी मागे पडते, म्हणून या चौकशीचे मोल मला फार वाटते. मुलींच्या बाबतीत तर प्रशिक्षकांनी घरी जाऊन सराव किती वाजता संपेल आणि मुली कोणासोबत परततील हे आईला समक्ष सांगितले नाही, तर आठवीनंतर त्यांचे मैदानावर येणे थांबते.

नोकरीबद्दल सांगायचे तर राज्य शासनाच्या सेवेत गुणवान खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याचा लाभ मोजक्यांनाच मिळतो, म्हणून माझे म्हणणे मी त्यावर उभे करीत नाही. एक प्रशिक्षक आले की वस्तीतले कोयते म्यान होतात, हा काही समर्थकांचा दावाही मला मान्य नाही. गटारे, मजुरी आणि घराची मालकी हे प्रश्न प्रशिक्षकांच्या हातातले नाहीत.

राहिला पैशाचा मुद्दा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, नेमणे बंधनकारक आहे. म्हणजे ही चैन नव्हे. खरी त्रुटी अशी की ही तरतूद आठवीपाशी संपते, आणि गळतीचा धोका नववी-दहावीत वाढतो. त्या दोन वर्षांसाठीही तेच प्रशिक्षक, पूर्ण वेतनावर, त्याच शाळेत राहतील अशी तरतूद महापालिकेच्या अंदाजपत्रकात व्हायला हवी.