‘आहेत ना सगळे तिथे!’

आईबाप दोघंच पोरांना घेऊन समुद्रावर गेले, तर त्यांची नजर पाण्यावरून हलत नाही. तेच तीन-चार कुटुंबं, दोन-चार मित्र आणि एक आत्या असा गोतावळा गाड्या भरभरून तंबू ठोकायला निघाला, की पोरांकडे कुणाचंच लक्ष नसतं. ऐकायला उलटं वाटेल, पण माझं मत ठाम आहे. मोठी माणसं जितकी जास्त, तितका प्रत्येकाचा भरवसा दुसऱ्यावर. “मुलं कुठायत?” “पाण्यात.” “बरोबर कोण आहे?” “आहेत ना सगळे तिथे!” आता हे ‘सगळे’ म्हणजे नक्की कोण ते बघायला जावं, तर एक जण तंबूच्या दोऱ्यांचा गुंता सोडवतोय, दुसरा सूर्यास्ताचे फोटो काढतोय, तिसरा म्हणतो, “मला वाटलं वहिनी बघतायत.” आणि वहिनी गाडीत टॉवेल शोधतायत.

बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो, हे सिनेमात. प्रत्यक्षात तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्यात श्वासच जेमतेम मिळतो, हाक कुठून मारणार? हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, डोकं मागे कलतं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं पोरगं मजेत उभं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली मुलं होती.

म्हणून आमच्यात आता शिट्टीची पाळी असते. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्यानं वीस मिनिटं उभं राहायचं, पाण्याकडे तोंड करून. फोन दुसऱ्याकडे द्यायचा. कुणी गप्पा मारायला आलं तर हाकलायचं. पाळी संपली की शिट्टी पुढच्याच्या गळ्यात स्वतः घालायची आणि मगच हलायचं. “जरा बघ हं” एवढं म्हणून सटकणं चालत नाही. सुरुवातीला एका मित्रानं ‘हवालदार आले’ म्हणून भरपूर चिडवलं. आत्याला मात्र हे काम इतकं मानवलं, की तिनं पहिल्याच पाळीत पोरांना सोडून स्वतःच्या सख्ख्या भावावर शिट्टी फुंकली. काका कमरेच्या वर पाण्यात गेले होते. साठी उलटलेला माणूस, पण मुकाट्यानं बाहेर आला.

शिट्टीवाल्याला पाण्याची ओढ ओळखता यायला हवी, आणि इथेच भलेभले फसतात. फेसाळणाऱ्या लाटांच्या मध्ये जिथे पाणी जरा गडद आणि शांत दिसतं, लाटा फुटत नाहीत, तिथे आपण पोरांना सोडतो, कारण ती जागा सुरक्षित वाटते. किनाऱ्यावर आलेलं पाणी बऱ्याचदा त्याच वाटेनं परत आत जात असतं. हा प्रवाह जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जातो, पट्टीचा पोहणारासुद्धा त्याच्या विरुद्ध पोहून दमतो. तो माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. म्हणून अंग सोडून तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. वाचवायला धावत सुटलेला बापच बुडाला, असं कितीदा तरी होतं. म्हणून आम्ही पाण्याचा रिकामा कॅन घट्ट झाकण लावून, दोरी बांधून शिट्टीवाल्याच्या पायाशी ठेवतो. आधी तो फेकायचा.

हीच ‘कुणीतरी बघेल’ची गंमत भरतीच्या बाबतीत. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे आज जी भरती रात्री दहाला, ती उद्या पावणेअकराच्या पुढे. हे ऐकलेलं सगळ्यांनी असतं, पण वेळापत्रक उघडून बघितलेलं कुणीच नसतं. वाळूवर शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची जी रेघ दिसते तिच्या जरा वर तंबू ठोकला की झालं, असं लोक समजतात. अष्टमीच्या सुमाराला गेलात तर ती रेघ भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीची असते, आणि तुमचा मुक्काम पुढे पौर्णिमा-अमावास्येकडे लांबला तर पाणी रोज थोडं थोडं वर चढणार. जिथे झुडपं आणि वेली धरल्यात त्याच्या मागे जावं. समुद्र तिथून दिसत नाही म्हणून कुरकुर होते, ती ऐकून घ्यावी.

वाऱ्याचं थोडक्यात: दिवसा तो बहुधा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून, त्यामुळे संध्याकाळी हिशेबानं लावलेलं तंबूचं दार मध्यरात्री वाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतं. खुंट्या कोरड्या वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, हातभर खोल पुरली की ती हलत नाही.

गाडी वाळूत घालायची हौस मात्र मला कधीच कळली नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये एक वीर असतो. चाक रुतलं की तो अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरून आणखी खड्डा करतं, मग बाकीचे ढकलतात, आणि तिकडे भरती चढतेय. कुठे कासवांची घरटी असली तर ती चिरडतात ते वेगळंच. गाडी रस्त्यावर ठेवा आणि सामान वाहून न्या, हात झिजत नाहीत.

शेकोटीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. झोपायच्या वेळी सगळे निखाऱ्यांवर वाळू लोटतात आणि ‘विझली’ म्हणतात. ती विझत नाही, झाकली जाते. वाळू उष्णता धरून ठेवते, निखारे आत कित्येक तास तसेच राहतात, आणि सकाळी ती जागा आजूबाजूच्या वाळूसारखीच दिसते. सगळ्यात आधी उठणारं आणि अनवाणी पळणारं कोण, हे सांगायला नको. शेकोटीवर पाणी ओता, काठीनं ढवळा, परत पाणी ओता, वरून तळहात धरून बघा. आमच्याकडे हे काम शेवटी झोपणाऱ्याचं नाही, कारण त्या वेळी तो पेंगत असतो. ज्यानं पेटवली त्यानंच विझवायची. मग शेकोट्याही आपोआप लहान होतात.

वाळूत पोरांनी खणलेल्या खड्ड्यांवरही लक्ष हवं. त्यांच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि बोगदा तर नकोच. वाळू ढासळली की काही सेकंदांत अख्खं पोर आत गाडलं जातं, वर खूणही राहत नाही. शिट्टीवाल्यानं पाठीमागेही एक नजर टाकायची ती यासाठी.

या सगळ्यात मजा कसली, असं विचारणारे येतीलच कमेंटमध्ये. मला तर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात असते तेव्हाच खरी सुट्टी मिळते. नाहीतर आयांचा अर्धा जीव सतत पाण्याकडे असतो आणि तोंडानं “हो का, छान” चालू असतं.

राहता राहिला परतीचा रस्ता. जाताना सगळे ताजेतवाने, ड्रायव्हरच्या शेजारी बसायला भांडणं. येताना वाळूतली अर्धवट झोप, दिवसभराचं ऊन, आणि मागचे सगळे तासाभरात आडवे. सलग १७ तास जागा असलेला माणूस गाडी चालवतो तेव्हा त्याची अवस्था दारू प्यायलेल्यासारखी होते. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्याशी तिची तुलना झालेली आहे. तेव्हा सकाळी स्टिअरिंग कुणाच्या हातात, हे आदल्या संध्याकाळीच नावानिशी ठरवायचं आणि त्याला गप्पा रंगात आलेल्या असताना झोपायला पाठवायचं. आमच्यात बहुतेकदा माझ्याच नवऱ्याचं नाव येतं. तो तंबूतून दर दहा मिनिटांनी ओरडून विचारतो, “कशाला हसलात?” त्याला कुणी सांगायचं नाही.