नऊ वाजले, भांडण लावा!

दादरहून बोरिवलीपर्यंत दाराशी लोंबकळत घरी यावं, गरम पिठलं-भात पुढ्यात घ्यावा आणि नऊच्या ठोक्याला बाबांनी रिमोट उचलावा. झालं! सोमवार ते शुक्रवार, एक दिवस खाडा नाही.

आठ चौकटी, आठ तोंडं. मध्ये अँकर कोकलतोय, "थेट उत्तर द्या, हो की नाही!" समोरच्यानं तोंड उघडलं रे उघडलं की, "एक छोटासा ब्रेक." ब्रेकमध्ये गुडघेदुखीचं तेल. खरं सांगू? तेवढंच काय ते ऐकण्यासारखं असतं.

२०२२ला शिवसेना फुटली, २०२३ला राष्ट्रवादी. तेव्हापासून एकाच घरातली दोन माणसं समोरासमोर बसवून झुंज लावायची आयतीच सोय झालीय. 'गद्दार' आणि 'खोके' हे दोन शब्द काढून घेतले तर अर्धा कार्यक्रम मुका होईल. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, पुढची जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार. गटार तुंबलं तर धरायला नगरसेवकच नव्हता! त्यावर कधी तास रंगला? मला तरी आठवत नाही. आमच्या गल्लीतला खड्डा कसला टीआरपी देणार म्हणा.

आवाज कमी करा म्हटलं तर बाबा म्हणतात, "थांब रे, तो बोलतोय." तो कोण? सगळेच बोलतायत! आई भात वाढता वाढता म्हणाली, "ह्यांना घरी कुणी जेवायला बोलवत नाही का?"

अकरा वाजता तेच भांडण पुन्हा दाखवतात. बाबा तेही बघतात.