खुलासा: ‘१०,००० डॉलरखालच्या वस्तूंची नोंद नको’ हा मेसेज चुकीचा

अमेरिकेत काउंटी (जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) आणि अग्निशमन दलांत काम करणाऱ्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘फेमाच्या (अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) अनुदानातून घेतलेल्या १०,००० डॉलरखालच्या वस्तू रजिस्टरमधून काढा, विकून टाका.’ कृपया असं करू नका.

ज्या किमतीपासून वस्तू ‘उपकरण’ धरून तिची नोंद ठेवावी लागते, ती मर्यादा ५,००० डॉलरवरून १०,००० झाली हे खरं. पण फेमाच्या बाबतीत ती १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या अनुदानांना लागू आहे. २०२२च्या अनुदानातला ७,००० डॉलरचा जनरेटर घेतला, तर नोंद आणि दर दोन वर्षांनी प्रत्यक्ष मोजणी चुकत नाही. आधी मंजुरीपत्रावरची तारीख बघा.

शिवाय संघीय अनुदानांच्या नियमावलीचं कलम २००.१ वाचा: १०,००० किंवा संस्थेची स्वतःची भांडवली मर्यादा (ज्या किमतीपासून संस्था आपल्या हिशेबात वस्तू मालमत्ता धरते ती), यांतली जी कमी ती. काउंटीची मर्यादा ५,००० असेल तर तीच धरायची.

सगळ्यात जास्त चूक किमतीत होते. जनरेटर ९,२०० आणि तो वापरण्याजोगा व्हायला लागणारा ट्रान्सफर स्विच (वीजजोडणी जनरेटरवर वळवणारा) १,४००, म्हणजे किंमत १०,६००. बिलं वेगळी असली तरी.

विल्हेवाटीच्या वेळी मात्र खरेदीची नव्हे, त्या दिवसाची बाजारातली किंमत बघतात.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.