चारशे सातचं पथ्यपाणी

इंदूरमध्ये 'मला ठाऊक नाही' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्यामुळे आमच्या जुन्या टाटा ४०७ ट्रकचं सगळं तेलपाणी एकदमच बदलायचं ठरलं, ही बातमी रामबागेत फुटली आणि तेलाआधी सल्ले येऊन पडले. आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. ४०७ बाजारात आली १९८६ साली; आमची नव्वदीतली, काकांनी घेतलेली. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक केव्हाच गेलं. त्या कप्प्यात आता आरतीसंग्रह, उदबत्तीचा पुडा आणि कुणाची तरी लग्नपत्रिका.

शेजारचे निवृत्त बँकवाले म्हणाले, "धूर सोडतेय ना? जाडं तेल टाक, बंद होईल." जाड तेलानं झिजलेलं इंजिन बरं होत नाही, दुखणं फक्त झाकलं जातं. हे मी त्यांना सांगितलं नाही. माझं लग्न त्यांनी जमवलंय.

मिस्त्रीनं आधी गिअरबॉक्सचा बोल्ट सोडला. गंधकाच्या वासाचं काळं तेल घमेल्यात उतरलं. त्यानं त्याचा एक थेंब अंगठा आणि बोटामध्ये चोळून उन्हात धरला. बोटावर सोनेरी चुरा चमकत होता. "पीतल है," एवढंच बोलून त्यानं मला दुकानाकडे पिटाळलं. जाताना बजावलं: गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल, मागच्या हौसिंगला, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरेंशियलला, जीएल-५, डबे वेगळे. कारण असं की, डिफरेंशियलचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जीएल-५मधली जास्तीची रसायनं लागतात. पण तीच रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी कड्या खाऊ शकतात. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात 'गिअर ऑइल' आणि ९०चा आकडा. जीएल चार की पाच, ते मुंगीच्या अक्षरात, डब्याच्या मागे, किमतीच्या स्टिकरखाली.

देवास नाक्यावरच्या दुकानात भिंतभर डबे. इंजिन ऑइल १५ डब्ल्यू ४०. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि मी मे महिन्यात पंख्याची गरम हवा खात त्याचा अर्थ लावतोय. पहिला आकडा गारठ्यात तेल किती वाहतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. खाली सीआय-४. सुरुवातीला सी असेल तर डिझेलचं, एस असेल तर पेट्रोलचं. सीआय-४ हा दर्जा २००२ सालचा, म्हणजे तेल गाडीपेक्षा तरुण, पण जुन्या इंजिनाला चालतं. ड्रायव्हर मात्र अडून बसला. मागचं तेल दुसऱ्याच दिवशी काळं पडलं, सबब ते नकली होतं. डिझेलची काजळी धरून ठेवणं हेच त्या तेलाचं काम, काळं पडतंय म्हणजे काम करतंय, असं मी समजावलं. "भिया, काला मतलब काला," तो म्हणाला. विषय संपला.

ब्रेक ऑइलपाशी दुकानदार उदार झाला. "डॉट ३, डॉट ४ कशाला? पाच घ्या, वरचा नंबर आहे." पाच म्हणजे सिलिकॉनचं, तीन-चारच्या जातीचंच नाही, त्यांच्यात मिसळायचंही नाही. हे आकडे परीक्षेतल्या मार्कांसारखे वाचणारे लोक मानपूरचा घाट कसे उतरत असतील, देव जाणे. मी डॉट ४ मागितलं. ताजं असेल तर त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि मग तो झपाट्यानं उतरतो. उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून सीलबंद बाटली हवी. दुकानदारानं आधी अर्धी, बिनझाकणाची काढली होती. "सुट्टं स्वस्त पडेल, भिया."

कूलंटला त्याचा एकच प्रश्न: "हिरवं की लाल?" रंग हा नुसता रंग असतो, प्रत्येक कंपनी आपापला घालते, वाचायचं ते लेबल. पण लेबल वाचणाऱ्या गिऱ्हाइकाकडे इथे इन्कम टॅक्सवाला आल्यासारखं बघतात. ड्रायव्हरचं मत, कूलंट घेऊच नये, नळाला नर्मदा येते. नर्मदाकाठच्या जलूदहून इतकी चढण चढून आलेल्या पाण्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण त्यातले क्षार रेडिएटरमध्ये जाऊन बसतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तेवढ्यात पोऱ्यानं निळी बादलीही पुढे ढकलली, युरियाच्या पाण्याची. ती धूर साफ करणाऱ्या नव्या गाड्यांसाठी; आमच्या गाडीला ती ओतायला टाकीच नाही. पॉवर स्टिअरिंगचं तेल कुणी विचारलं नाही, कारण आमची सगळी पॉवर ड्रायव्हरच्या दंडात आहे.

बिल कच्चं. दुकानदारानं एवढा वाद ऐकून शेवटी लिहिलं, 'तेल, ५ नग'. कूलंटसकट.

संध्याकाळी काकांनी हिशेबाची वही उघडली, बिल चष्म्याजवळ धरलं आणि मला हाक मारली.

"एका गाडीला पाच तेलं? अरे, आम्ही इतकी वर्षं गिअरबॉक्स काय आणि हौसिंग काय, एकाच डब्यातून भरत आलोय. झालं का काही?"