सात रात्री, आठ दिवस आणि ओकारीच्या पिशव्या

मार्च उजाडला की घराघरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच पीडीएफ फिरायला लागते. 'शिमला-कुलू-मनाली, सात रात्री आठ दिवस, बच्चेकंपनीसाठी खास!' वर गुडघाभर बर्फात दात काढून उभं असलेलं कुटुंब. अहो, तो फोटो जानेवारीतला आहे! मे महिन्यात मनालीजवळच्या सोलंगला हिरवं गवत असतं, घोडे असतात, आत बसून गडगडत जायचे झॉर्बिंगचे फुगे असतात. बर्फ औषधालासुद्धा सापडत नाही. पण पोरांना फोटो दाखवून झालेला असतो, आता निस्तरा.

बरं, बर्फाचं सोडा. त्या पीडीएफमधल्या किलोमीटरची बेरीज करायची तसदी कुणी घेतं का? दिल्ली ते शिमला साधारण ३४५. शिमला ते मनाली २५०. मनाली ते चंदीगड ३००. चंदीगड ते दिल्ली आणखी २५०. मधल्या 'मोकळ्या' दिवसांत कुफ्री, मणिकरण आणि रोहतांग कोंबलेलं. झाले की चौदाशेच्या आसपास! यातला मोठा भाग घाटाचा आणि घाटात मे महिन्याच्या गर्दीत ताशी २५-३० किलोमीटर पडले तरी नशीब. म्हणजे आठ दिवसांत चाळीसेक तास गाडीत. मूल दिवसातून बारा-तेरा तास जागं असतं. त्याची जवळजवळ अर्धी सुट्टी टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटवर जाते आणि वर आपणच डाफरायचं, 'एवढे पैसे खर्च करून आणलंय, बाहेर बघ ना जरा!'

आणि दर वेळी टूरवाल्यालाच का शिव्या घालायच्या? तो विकतो ते आपण मागतो म्हणूनच. 'एवढ्या लांब जातोच आहोत तर अमृतसर पण करून येऊ.' हे वाक्य प्रत्येक कुटुंबात एक काका बोलतोच. काका, मनाली ते अमृतसर चारशे किलोमीटर आहे. मेमध्ये अमृतसरला पारा चाळिशी ओलांडतो. थंड हवा खायला निघालेली पोरं सुवर्णमंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी नाचवायची आहेत का? पण नाही, परत आल्यावर सांगायला 'सात ठिकाणं केली' हवं ना.

आता ओकारी. हा विषय निघाला की सगळे हसतात आणि काळी पिशवी बरोबर घेतली की झालं समजतात. डोळ्यांना गाडीच्या आतली स्थिर सीट दिसत असते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण डावीउजवीकडे हेलकावतोय. या दोन बातम्या जुळल्या नाहीत की पोट ढवळतं. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यात जास्त. आणि आपण काय करतो? पोरगं कटकट करतं म्हणून त्याच वेळी त्याच्या हातात मोबाइल देतो! मान खाली, नजर कार्टूनवर, गाडी वळणावर. दुसरं काय होणार?

बसवायचं कुठे, हेही उलटंच. टेम्पो ट्रॅव्हलरची मागची लांब सीट 'पोरांना ऐसपैस' म्हणून देतात. ती मागच्या चाकांच्याही मागे असते, सगळ्यात जास्त उसळते आणि झुलते तीच. मुलांना पुढच्या चाकांच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या रांगेत बसवा, समोरचा रस्ता दिसेल असं. काच चार बोटं खाली करा. घाटात बहुतेक गाडीवाले एसी बंदच ठेवतात, तशी ओळही पॅकेजच्या तळाशी बारीक अक्षरात असते.

गोळीचंही तेच. घाट सुरू झाला, पोरगं पिवळं पडलं, मग आजीच्या पर्समधून गोळी निघते. ती गोळी दोन वळणांनंतर बाहेर. औषध निघण्याआधी अर्धा ते एक तास पोटात गेलेलं असावं लागतं आणि मुलाच्या वयावजनानुसार डोस घरूनच बालरोगतज्ज्ञांना विचारून आणायचा असतो. दोन वर्षांखालच्या मुलाला ओकारीवरच्या प्रोमेथाझिन या औषधाची गोळी अंदाजाने चतकोर तोडून देणं तर भलतंच धोक्याचं. पोट रिकामंही नको आणि तेलकटही नको. सकाळी हॉटेलात फुकट म्हणून तीन आलू पराठे लोण्यासकट चेपायचे आणि वर गाडीत चकली-चिवडा उघडायचा, हा प्रकार बंद करा. कोरडी पोळी, खाकरा, मुरमुरे, आलेपाकाची एक वडी, घोट घोट पाणी. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पंधरा मिनिटं पायी फिरवायचं. 'ड्रायव्हर म्हणतो उशीर होईल' हे कारण सांगू नका. ड्रायव्हर शाल फॅक्टरीपाशी पाऊण तास थांबतो तेव्हा कुठे जातो उशीर?

रोहतांगबद्दल तर बोलूच नये इतका संताप येतो. पीडीएफमध्ये ठळक अक्षरात 'रोहतांग पास'. शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात 'परमिट मिळाल्यास, स्वखर्चाने'. रोजच्या गाड्यांना मर्यादा आहे, बाराशेची: आठशे पेट्रोल, चारशे डिझेल. परमिट ऑनलाइन निघतं. मंगळवारी डागडुजीसाठी रस्ता पर्यटकांना बंद. तरी कित्येक कार्यक्रमांत मनालीचा एकमेव मोकळा दिवस बरोब्बर मंगळवार येतो आणि हे आधी कुणीही सांगत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तर बर्फ काढायचं कामच सुरू असतं, खिंड उघडलेलीच नसते बहुधा. मग 'साहेब, अटल टनेल दाखवतो' असं म्हणून उपकार केल्यासारखं बोगद्यातून नेतात. अहो, त्याला परमिट लागतच नाही! रोहतांगच्या खालून जाणारा नऊ किलोमीटरचा बोगदा, २०२० पासून सुरू आहे. लहान मुलांसाठी खरं तर तोच बरा. मनाली दोन हजार मीटरवर, रोहतांग ३,९७८ मीटरवर. पन्नास किलोमीटरच्या वळणांत जवळजवळ दोन हजार मीटर वर जायचं, मध्ये दोन-तीन तास जाममध्ये धूर खायचा आणि वर पोरांचं डोकं दुखायला लागलं की फोटो काढून उतरायचं. बोगद्यापलीकडे सिस्सू गाव साधारण ३,१०० मीटरवर आहे. मेच्या सुरुवातीला कोकसरच्या बाजूला बर्फाचे पट्टेही सापडतात.

तिथे जाताना भाड्याच्या कोटांची दुकानं लागतात, नंबर घातलेली. ड्रायव्हर ठरावीक दुकानापाशीच गाडी थांबवतो, का ते सांगायला नको. ते ओलसर, शेकडो जणांनी घातलेले कोट मुलांना चढवायची गरज नसते. मेमध्ये मनालीत दुपारी वीस-पंचवीस अंश असतात. आत थर्मल, वर स्वेटर आणि सगळ्यात वर आपला पावसाळ्याचाच वारा-पाणी अडवणारा जर्किन, एवढ्यावर भागतं. घरून न्यायचे ते गमबूट आणि पाणी न शिरणारे हातमोजे. लोकरीचे हातमोजे बर्फात पाच मिनिटांत चिंब होतात आणि मग 'बोटं दुखतायत' म्हणून रडारड सुरू. दोन जोड मोजे खिशात ठेवा, बॅगेत नको. बॅग गाडीच्या टपावर असते.

आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन थेट लेहला विमानाने जाणाऱ्यांनो, तुम्हाला हात जोडते. लेह साडेतीन हजार मीटरवर. पहिले दोन दिवस हॉटेलात लोळायचं, पायऱ्यासुद्धा मोजून चढायच्या. पॅकेजमध्ये मात्र दुसऱ्याच दिवशी 'लोकल साइटसीइंग' आणि तिसऱ्या दिवशी ५,३५९ मीटरवरची खारदुंगला खिंड! मोठा माणूस सांगतो तरी की डोकं ठणकतंय. छोटं मूल फक्त किरकिर करतं, खात नाही, झोपत नाही, ओकतं. आपल्याला वाटतं, लाडावलंय. अशा वेळी वर चढायचं नाही, आणि त्रास वाढला तर तिथल्या तिथे खाली उतरायचं. पुढचं बुकिंग गेलं खड्ड्यात.

हॉटेलांची भाषा तर स्वतंत्र शिकावी लागते. 'फॅमिली रूम' म्हणजे एक डबल बेड आणि जमिनीवर गादी. 'चाइल्ड विदाउट बेड' म्हणजे ती गादीसुद्धा नाही, पोरगं तुमच्या दोघांच्या मध्ये, अख्खा आठवडा. शिमल्यात 'मॉल रोडपासून पाच मिनिटं' याचा अर्थ सरळ उभ्या पायऱ्या. मॉल रोडवर गाड्यांना बंदी आहे. गाडी खाली कार्ट रोडला सोडते, तिथून लिफ्टची रांग किंवा पाय किंवा हमाल. झोपलेलं मूल खांद्यावर आणि आजीचे गुडघे. 'मॉलपासून किती लांब' विचारूच नका, 'गाडीपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या' विचारा. आणि गीझर किती लिटरचा, तेही. दहा लिटरच्या गीझरवर चार जणांच्या आंघोळी उरकताना सकाळचे साडेनऊ वाजतात आणि मग म्हणे ट्रॅफिक लागलं. मे-जूनमध्ये तिथे पाण्याचीही बोंब असते. २०१८च्या मेमध्ये शिमल्यात पाण्यासाठी लोक रस्त्यावर आले होते, टाक्या कोरड्या होत्या.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. म्हणजे पाच मेला निघायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला तयार बसायचं. आपल्याकडे तेव्हा 'परीक्षा होऊ देत, मग बघू' चालू असतं. मग वेटिंग २३७. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही, हेही गाडीत चढल्यावर आठवतं. दिल्लीपर्यंत रात्रभर एका बर्थवर आई आणि नऊ वर्षांचा घोडा, वाचले किती तर अर्ध्या तिकिटाचे पैसे.

एवढं सगळं टाळायचं तर एकच डोंगर धरा ना बाबांनो! दिल्लीहून शताब्दीने चार तासांत कालका, तिथून छोट्या गाडीने शिमला. १९०३ची लाइन, ९६ किलोमीटर, शंभराच्या वर बोगदे, पाच-सहा तास लागतात. पण मुलं उठूबसू शकतात, बोगदे मोजतात, गाडीतच संडास असतो. तीन रात्री शिमला, तीन रात्री साठ-पासष्ट किलोमीटरवरचं नारकंडा, देवदारांत. संपलं. नाहीतर उत्तराखंडातला कुमाऊं: दिल्लीहून काठगोदामपर्यंत रेल्वे, तिथून भीमताल तासाभरावर आणि मुक्तेश्वर सत्तरेक किलोमीटर. भवालीकडून गेलात तर कैंची धामच्या गर्दीचा जाम लागतो, तेव्हा भीमताल-धानाचुली रस्ता धरा. तिथे मेमध्ये वणव्यांचा धूर असला तर हिमशिखरं दिसणार नाहीत, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. निघायचं मेच्या पहिल्या आठवड्यात. पंजाब-हरियाणाच्या शाळा जूनमध्ये सुटतात आणि मग मनालीच्या रस्त्यावर गाड्याच गाड्या.

आणि अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी टूरवाल्याकडून मेसेजवर लेखी घ्या: रोजचे किलोमीटर आणि तास, गाडीचं मॉडेल, मुलाला बेड की गादी, रोहतांगचा वार कोणता, परमिट नाही मिळालं तर पैसे परत की नाही, पाच टक्के जीएसटी धरून की वेगळा. फोनवर 'टेन्शन नका घेऊ मॅडम, सगळं होऊन जाईल' म्हणाला तर त्याच क्षणी फोन ठेवा.