खुलासा : ‘गरोदरपणात गूळ कितीही चालतो’ हे खरे नाही

‘साखर बंद करा, गूळ खा, शुगर वाढत नाही आणि रक्तही वाढतं,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. त्यातले दोन्ही दावे चुकीचे आहेत.

गूळही उसाच्या रसाचाच, आणि त्यात बहुतांश सुक्रोजच असते. १० ग्रॅम गुळातून जवळपास तेवढ्याच साखरेइतकेच उष्मांक मिळतात. गरोदरपणात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, त्यामुळे गुळाची पोळीही रक्तातली साखर वाढवतेच. खजूर आणि मधाचेही तेच.

लोहाचे म्हणाल, तर गुळाच्या खड्यातून मिळते ते १ मिलिग्रॅमच्या आसपास, तेही गुळागणिक बदलणारे. सरकारी लोहगोळीत ६० मिलिग्रॅम असते. गुळाच्या भरवशावर गोळी सोडू नये. ती चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नये.

पहिल्या तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा जास्त आली तर गर्भारपणातला मधुमेह. कमी आली तरी २४ ते २८ आठवड्यांत चाचणी पुन्हा करायची. निदान झाल्यावर गोड किती, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

चाचणी नीट आली असेल, तर सणाला एक पुरणपोळी जेवणातच खावी आणि तेवढा भात कमी करावा. नुसती, उपाशीपोटी नको, साखर झपकन चढते. बासुंदी उरली तर लगेच फ्रीजमध्ये, आणि खाताना पुन्हा उकळून. उघड्यावरचे खव्याचे पेढे मात्र टाळाच.